खडूची खूण

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला हिशेब लिहिते मी.
दोन बोटींच्या मधे जो वेळ उरतो
त्यात एका भाषेसाठी अवजार बनवते.

भाषा कसली, आठ खुणा.
एक घर उजवीकडे. एक घर डावीकडे.
एक वाढव. एक कमी कर. आत घे. बाहेर दाखव.
आणि दोन कंस: घर रिकामं होईस्तोवर
याच्यातून त्याच्यात, पुन्हा याच्यात.
नववं काही नाही.
कुणाला हाक मारायची सोयसुद्धा नाही.

तिच्यात कामाचं कुणी काही लिहीत नाही.
मग अवजार कशाला, हे शेठनी विचारलं नाही,
त्यांना वाटतं मी जीएसटी भरतेय.

हरेश्वर चोगल्यांना मात्र दाखवावं लागलं,
डबा काढून चहाला आले ते थेट खुर्चीमागेच उभे.
स्क्रीनवर घरांची रांग, प्रत्येक घरात आकडा,
वर सरकणारा एक बाण.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"ही तर माझी क्रेन गो."

खरंच की.
खाली खाऱ्या पाण्यात बुडवलेले डबे,
वर रुळावरून खडखडत जाणारा आकडा,
एका वेळी एकाच डब्यावर.
माझे आकडे डब्यांच्या आत, त्यांचा बाहेर लोंबतोय,
एवढाच काय तो फरक.
आणि अमोनियाचा वास.

माझा प्रोग्राम एकच शब्द छापणार होता: हर्णै.
एकट्या ह ला तीन घरं लागतात,
दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट, एकशे पंच्याऐंशी.
सगळा गाव मिळून पंधरा.
चार रात्री अधिकच्या खुणा मारून मारून
बोट दुखायला लागलं,
आणि छापून आलं:
सर्णै.

चोगले इतके हसले की खोकला लागला.
"सर्णै बंदर! मंग मी सरेश्वर!"

चूक कुठे, ते दिसेना.
यंत्र सुरू केलं की सुसाट, संपलं की संपलं,
मधे कुठे थांब म्हणायला
त्या आठांत खूणच नाही.
"तुम्ही कसं करता? चहाला येता तेव्हा
कुठल्या डब्यावर होतो, ते लक्षात राहतं?"
"एकतीस वर्षांत एकदाही राहिलं नाय."
खिशातून त्यांनी खडूचा तुकडा काढला, ओला, हिरवट.
"रेघ मारायची. डब्याला कळत नाय, मला कळतं."

त्या रात्री दीड वाजता अवजाराला खडू दिला.
भाषा आपल्या आठांखेरीज काहीही वाचत नाही,
रेघेवरून ती तशीच पुढे जाते,
पण माझं अवजार तिथे उभं राहतं
आणि घरं उघडून दाखवतं.
तिसऱ्या घरात एकशे चौऱ्याऐंशी.
एक कमी.
ह च्या शेजारी स राहतो, एका पायरीवर.
चोगले म्हणाले, डबा बोटभर उणा भरलास,
माझ्या हातून असं झालं असतं
तर पाजपंढरीवाल्यांनी लादी परत आणून टाकली असती.

एक अधिक घातला.
हर्णै आलं. काना-मात्रेसकट.
"एवढ्यासाठी पंधरा डबे?" असं म्हणून ते निघाले,
बाहेर कुणाची तरी बोट भोंगा वाजवत होती,
चाळीस लाद्या, उधारीवर.

मग मी खुणांच्या मधे थोडं मराठी लिहून ठेवलं.
चालतं तसं, भाषेला ते ऐकूच येत नाही.
फक्त टिंब द्यायचं नाही, स्वल्पविराम द्यायचा नाही,
तेवढे तिचे आहेत, लगेच हुकूम समजते.
म्हणून असं, एका दमात:

इथे हरेश्वर चोगले थांबले
इथे खडू लावला
डबा नीट भर गो
इथे चहा